ऑर्किड मेलेलं नाही, थांबलंय!

परदेशात शिकायला गेलेल्या कितीतरी मराठी मुलामुलींच्या खोलीत पहिल्याच हिवाळ्यात एक ऑर्किड येतं. मग हीटर सुरू होतो, फुलं गळतात आणि जानेवारीत कुंडी कचऱ्यात जाते. खरं तर झाड जिवंत असतं. त्याला काय हवंय तेवढं कळलं, तर ते पुढच्या वर्षी पुन्हा फुलतं!

जर्मनीत ऑक्टोबरमध्ये हिवाळी सेमिस्टर सुरू होतं. विमानातून उतरून पंधरा दिवस झालेले असतात. खोली मिळते, बँकेत खातं उघडतं, शहर नोंदणीचा कागद हातात येतो. मग एक दिवस दूध-ब्रेड आणायला गेलं, की सुपरमार्केटच्या दाराशीच ऑर्किडची रांग दिसते. पांढरी, गुलाबी, जांभळी. किंमत दहा-बारा युरोंच्या आसपास. आपल्याकडे लग्नाच्या स्टेजवर नाहीतर महागड्या बुकेमध्ये दिसणारं फूल तिथे चक्क भाजीपाल्याच्या शेजारी विकायला असतं. मग काय, घेतलंच जातं. खिडकीत ठेवून फोटो काढला जातो, स्टोरी पडते, आईला व्हिडीओ कॉलवर दाखवलं जातं.

पुढे थंडी वाढते. रेडिएटर गरम व्हायला लागतो. डिसेंबरमध्ये कळ्या न उमलताच पिवळ्या पडून गळतात. जानेवारीत खालची पानं मलूल होतात, शेवटचं फूल पडतं आणि उरतो एक सुकत चाललेला दांडा. ‘मेलं वाटतं’ असं म्हणून कुंडी ओल्या कचऱ्याच्या डब्यात जाते. अंधाराचे दिवस, परीक्षा जवळ आलेल्या, घरची आठवण येतेय आणि त्यात हौसेनं आणलेलं झाडसुद्धा टिकलं नाही, हे उगाच मनाला लागतं.

पण बहुतेक वेळा ते झाड मेलेलं नसतं. त्याचा फुलांचा मोसम संपलेला असतो, किंवा गरम खोलीतल्या कोरड्या हवेनं आणि जास्तीच्या पाण्यानं ते आजारी पडलेलं असतं. यातली एकही गोष्ट दुरुस्त न होण्यासारखी नाही.

झाडावर राहणारं झाड

सुपरमार्केटमध्ये मिळणारं हे ऑर्किड म्हणजे बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस. १८२५ मध्ये ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञानं हे नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पतंगासारखं दिसणारं. रात्री दिव्याभोवती फिरतो तो पतंग. पसरलेल्या पाकळ्या पाहिल्या की नाव का पडलं ते लगेच कळतं. या वंशाच्या रानटी जाती इंडोनेशिया, फिलिपिन्स, तैवानपासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत आढळतात. काही आपल्या ईशान्य भारतातही आहेत.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडावर ट्रेकला गेलेल्यांनी सीतेची वेणी पाहिली असेल. झाडाच्या फांदीवरून लोंबणारा गुलाबी-पांढरा फुलांचा घोस. तीसुद्धा आमरीच. बरेच जण तिला बांडगूळ समजतात, पण बांडगूळ झाडाचा रस शोषतं, आमरी तसं काही करत नाही. ती फक्त फांदीला धरून बसते. पावसाचं पाणी, हवेतला ओलावा आणि सालीच्या खाचांत साठलेला पालापाचोळा यांवर तिचं भागतं.

फॅलेनॉप्सिसचंही तेच. त्याची मुळं मातीत नसतात, मोकळ्या हवेत असतात. त्यांच्यावर स्पंजसारखा एक पांढरट थर असतो. पाऊस आला की तो पाणी पटकन शोषून घेतो आणि पाऊस थांबला की मुळं पुन्हा वाऱ्यावर सुकतात. भिजणं आणि सुकणं हे दोन्ही त्याला लागतं. म्हणून त्याच्या कुंडीत माती नसते, झाडाच्या सालीचे तुकडे असतात. कुंडीही बहुधा पारदर्शक प्लास्टिकची असते. मुळं हिरवी आहेत की चंदेरी, हे त्यातून दिसतं. हिरवी म्हणजे ओली, चंदेरी म्हणजे कोरडी. इतकी सोपी खूण फार कमी झाडं देतात!

राजेरजवाड्यांचं फूल बारा युरोंत कसं आलं?

एकेकाळी युरोपात ऑर्किड फक्त सरदार-उमरावांना परवडायचं. त्याचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात कोंबासाठी अन्नसाठा जवळपास नसतोच. जंगलात विशिष्ट बुरशीची मदत मिळाली तरच ते रुजतं. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार असलेल्या आगरच्या जेलीवर, बुरशीशिवाय हे बी रुजवून दाखवलं. पुढे १९६०च्या सुमारास फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी ऑर्किडच्या कोंबाच्या टोकापासून हुबेहूब तशीच अनेक रोपं तयार करण्याचा मार्ग दाखवला. त्यातून प्रयोगशाळेत लाखोंनी रोपं तयार व्हायला लागली.

आज नेदरलँड्समधल्या प्रचंड काचगृहांमध्ये फॅलेनॉप्सिस एखाद्या कारखान्यासारखं वाढवलं जातं. तिथे तापमान, प्रकाश, ओलावा सगळं यंत्रं सांभाळतात. प्रयोगशाळेतल्या बाटलीपासून दुकानाच्या फळीपर्यंत यायला एका रोपाला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणजे आपण दहा आठवड्यांत ज्याला निरोप देतो, त्याच्यावर कुणीतरी दोन-तीन वर्षं मेहनत घेतलेली असते. नीट सांभाळलं तर तेच झाड दहा-पंधरा वर्षंही जगतं.

हीटर नक्की करतो काय?

‘हीटर हवेतलं पाणी शोषून घेतो’ असं आपण सहज म्हणतो. पण रेडिएटर पाणीबिणी शोषत नाही. गंमत वेगळीच आहे.

थंड हवेत बाष्प फार कमी मावतं. ० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ४.८ ग्रॅमच्या आसपास बाष्प राहू शकतं. २१ अंशांच्या हवेत मात्र १८ ग्रॅमहून थोडं जास्त मावतं. आता बाहेरची ० अंशांची, अगदी बाष्पानं भरलेली हवा खिडकीतून आत आली आणि रेडिएटरनं तिला २१ अंशांपर्यंत तापवलं, तर पाणी तेवढंच राहिलं पण हवेची तहान जवळपास चौपट झाली. सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांवरून साधारण २६ टक्क्यांवर येते. बाहेर उणे १० असेल, कॅनडात असतं तसं, तर हाच आकडा १३ टक्क्यांच्या जवळ जातो.

आपल्या श्वासामुळे, स्वयंपाकामुळे, आंघोळीमुळे खोलीत थोडा ओलावा परत येतो. त्यामुळे प्रत्यक्षात खोली ३० ते ४० टक्क्यांवर असते. फॅलेनॉप्सिसला आवडते ती ५० ते ७० टक्के. ज्या हवेत आपले ओठ फुटतात, नाक कोरडं पडतं, स्वेटर काढताना केसांतून चटचट आवाज येतो, त्याच हवेत ते झाडही उभं असतं. त्याच्या कळ्यांमधलं पाणी आधी उडतं आणि त्या उमलायच्या आतच गळतात.

खिडकीचा पेच

आता खरी अडचण. झाडाला उजेड हवा, म्हणजे खिडकी हवी. पण युरोपातल्या बहुतेक घरांत रेडिएटर बसवलेला असतो तो बरोबर खिडकीखाली! म्हणजे एका बाजूनं बर्फासारखी काच आणि खालून गरम, कोरड्या हवेचा झोत. विद्यार्थ्यांच्या छोट्या खोलीत खिडकीही एकच असते.

उजेडाशिवायही चालत नाही. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात दिवस साधारण ११ तासांचा असतो, बर्लिनमध्ये तो पावणेआठ तासांहूनही लहान. त्यातही आभाळ बरेच दिवस भरलेलं. त्यामुळे ‘ऑर्किडला थेट ऊन नको’ हा नियम तिथल्या हिवाळ्यात सैल करायला हरकत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दक्षिणेची खिडकीसुद्धा चालते. एप्रिलनंतर मात्र तेच ऊन पानं भाजतं, तेव्हा पूर्वेची खिडकी किंवा पातळ पडदा बरा. पान बघून अंदाज येतो. गडद हिरवं आणि लुळं पान म्हणजे उजेड कमी, पिवळट किंवा लालसर झाक म्हणजे ऊन जास्त, गवतासारखा ताजा हिरवा रंग म्हणजे सगळं ठीक.

मग ठेवायचं कुठे? खिडकीपासून हातभर अंतरावर एखादं स्टूल किंवा छोटं टेबल, रेडिएटरच्या बाजूला, त्याच्या वर नाही. दुसरी जागाच नसेल तर खिडकीच्या कट्ट्यावर थोडी रुंद फळी टाकायची, म्हणजे गरम हवा झाडावर न येता फळीला अडून खोलीत वळते. पान काचेला टेकणार नाही एवढं अंतर हवंच. आणि रेडिएटरचा नॉब जरा समजून घ्यायचा. त्यावर १ ते ५ आकडे असतात, ते साधारण तापमान सांगतात. ३ म्हणजे २० अंशांच्या जवळपास, २ म्हणजे १६च्या जवळपास. लवकर गरम व्हावं म्हणून ५ वर नेला तरी खोली लवकर गरम होत नाही, फक्त जास्त गरम होते. दिवसा ३, झोपताना त्याच्या थोडं खाली, हे झाडालाही मानवतं आणि बिलालाही.

त्यालाही शास्त्र आहे. फॅलेनॉप्सिस आपल्या पानांवरची रंध्रं दिवसा नाही, मुख्यतः रात्री उघडतं. पाणी वाचवायची ही युक्ती निवडुंगही वापरतो. म्हणजे हवेशी देवाणघेवाण चालते ती रात्री. त्या वेळी खालून गरम, कोरडा झोत नसलेला बरा.

दोनशे वर्षांपूर्वीही हेच झालं होतं

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये ऑर्किडचं वेड पसरलं. जहाजं भरभरून झाडं यायची. ‘जंगलातली म्हणजे उष्ण प्रदेशातली’ असं धरून त्यांना बंद काचघरात कोंडलं जायचं. कोळसा जाळून उष्णता वाढवायची, फटी बुजवायच्या. झाडं ढिगानं मेली.

त्या गोष्टीत आपल्या खासी टेकड्या येतात. डेव्हनशायरच्या ड्यूकनं जॉन गिब्सन या तरुण माळ्याला १८३५ मध्ये भारतात पाठवलं. खासी टेकड्यांतून त्यानं कितीतरी ऑर्किड गोळा केली आणि १८३७ मध्ये तो ती घेऊन परतला. एका डेन्ड्रोबियमला आजही त्याचं नाव आहे. खासी टेकड्यांत हवा ओली असते, पण भट्टीसारखी गरम नसते. ड्यूकच्या चॅट्सवर्थ इथल्या बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यानं झाडांना त्यांच्या मूळ प्रदेशाप्रमाणे वेगवेगळं तापमान दिलं, हवा खेळती ठेवली, ओलावा राखला. तिथे झाडं जगायला लागली.

नुसती उष्णता वाढवून जंगल तयार होत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. आपल्या १२ चौरस मीटरच्या खोलीलाही हाच नियम लागू आहे.

पाणी: तुळशीची सवय इथे नको

आपण ज्या घरांत वाढलो तिथे झाडावर प्रेम म्हणजे पाणी. सकाळी आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं. ‘अगं, रोज घालतेस ना त्याला पाणी?’ हा व्हिडीओ कॉलवरचा आईचा प्रश्न मायेचाच असतो. पण ऑर्किडला रोज पाणी घातलं तर मुळं कुजतात. घरातली ऑर्किड तहानेपेक्षा जास्तीच्या पाण्यानंच अधिक मरतात.

फसवणूक अशी होते, की मुळं कुजली की पानं सुरकुततात. पानं सुरकुतलेली बघून आपल्याला वाटतं पाणी कमी पडतंय, म्हणून आपण अजून घालतो. अशा वेळी आधी मुळं बघायची. तपकिरी, मऊ, दाबली की पोकळ लागणारी मुळं म्हणजे पाणी जास्त झालंय. चंदेरी, टणक मुळं आणि सैल पानं म्हणजे खरंच तहान आहे.

पद्धत सोपी आहे. मुळं चंदेरी दिसली आणि कुंडी हातात हलकी लागली, की ती बादलीत किंवा बेसिनमध्ये कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायची. मग बाहेर काढून पाणी पूर्ण निथळू द्यायचं. साधारण ७ ते १० दिवसांनी हे करावं लागतं, पण कॅलेंडर बघून नाही, मुळं बघून. कडक हीटर असलेल्या खोलीत सहाव्या दिवशीही लागेल. थंड, अंधाऱ्या खोलीत बारा दिवसही चालेल.

दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, बाहेरची शोभेची कुंडी. तिला भोक नसतं. तळाशी साचलेल्या पाण्यात मुळं उभी राहिली की संपलंच. दुसरी, पानांचा गाभा. मधल्या कोवळ्या पानांच्या खोबणीत पाणी राहिलं तर ती जागा सडते आणि तिथूनच नवीन पान येत असल्यानं झाडाची वाढ थांबते. पाणी गेलंच तर टिश्यू पेपरच्या टोकानं टिपून घ्यायचं.

आणि इंटरनेटवरचा तो बर्फाच्या खड्यांचा सल्ला? अमेरिकेत ‘आठवड्याला तीन खडे’ असं सर्रास सांगतात. ओहायो स्टेट आणि जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तपासून पाहिलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, सालीच्या तुकड्यांत लावलेल्या फॅलेनॉप्सिसची फुलं बर्फामुळे लवकर गेली नाहीत, असं दिसलं. म्हणजे बर्फानं झाड लगेच मरत नाही. पण रोप नीट भिजवून निथळायला दहा-पंधरा मिनिटंच लागतात, तर तेच का करू नये?

पाण्याचा अजून एक मुद्दा. बर्लिन, म्युनिकसारख्या शहरांत नळाचं पाणी बरंच क्षारयुक्त आहे. चहाच्या किटलीत जो पांढरा थर साचतो, तोच हळूहळू मुळांवर आणि सालीच्या तुकड्यांवरही साचतो. बाल्कनीत भांडं ठेवून पावसाचं पाणी जमवता आलं तर उत्तम. तेच पाणी खोलीत आणून कोमट झालं की वापरायचं.

हवेतला ओलावा वाढवायचा कसा?

सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे स्प्रेची बाटली. सगळ्यात कमी उपयोगाचाही तोच! फवारलेलं पाणी काही मिनिटांत उडून जातं आणि थोडं गाभ्यात मात्र साचतं. फुलांवर पडलं तर डाग पडतात.

ताटलीत खडे घालून, त्यात पाणी भरून वर कुंडी ठेवण्यानं थोडा फरक पडतो. फार नाही. फक्त कुंडीचा तळ पाण्याला टेकता कामा नये. दोन-चार झाडं जवळजवळ ठेवली तर ती एकमेकांभोवतीची हवा जरा ओलसर ठेवतात. खरा फरक पडतो तो छोट्या ह्युमिडिफायरनं, आणि त्याचा फायदा आपल्या घशालाही होतो. पण आधी एक स्वस्तातलं आर्द्रतामापक यंत्र आणून खोलीत ठेवा. आकडा दिसला की अंदाज बांधत बसावं लागत नाही. ४५-५०च्या आसपास आकडा आला की पुरे, झाड तेवढ्यावर भागवतं. त्याच्या फार वर नेलं तर थंड भिंतींवर बुरशी धरते आणि घरमालकाशी गाठ पडते.

बुरशीवरून आठवलं. जर्मनीत खिडक्या दिवसातून दोन-तीनदा पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा बदलायची शिस्त आहे. त्याला ‘श्टोसल्युफ्टन’ म्हणतात. ती पाळायची, पण त्याआधी ऑर्किड खिडकीवरून उचलून खोलीच्या आतल्या बाजूला ठेवायचं. १५ अंशांखालच्या हवेत ते फार वेळ खूश राहत नाही आणि उणे तापमानाचा झोत थेट कळ्यांवर आला तर त्या गळतात. दुकानातून घरी आणतानाही तेच. हिवाळ्यात ट्रामची वाट बघत उघडं झाड हातात धरून उभं राहायचं नाही, कागदात पूर्ण गुंडाळून मागायचं.

अजून एक सवय मोडायची. एकाच टेबलावर फळांची टोपली आणि ऑर्किड नको. पिकणारी केळी आणि सफरचंदं इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्यानं फळं पिकतात, पण ऑर्किडच्या कळ्या आणि फुलं गळतात.

कोरड्या, गरम हवेत पाहुणेही येतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला रबिंग अल्कोहोल लावून पुसून काढायचे आणि आठवड्यानं पुन्हा बघायचं. पानाच्या मागे बारीक जाळी आणि वर फिक्या टिकल्या दिसल्या तर लाल कोळी. पान दोन्ही बाजूंनी ओल्या कपड्यानं पुसत राहायचं.

फुलं गेली, आता?

आता मुख्य गोष्ट. फुलं दोन-तीन महिने टिकतात आणि मग जातात. हा झाडाचा मृत्यू नाही. दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या जरा वर कापा, कधीकधी तिथूनच नवी फांदी फुटून फुलं येतात. दांडा तपकिरी होऊन वाळला असेल, किंवा झाड अशक्त वाटत असेल, तर तो तळाशी कापून टाका. कात्री आधी अल्कोहोलनं पुसून घ्या.

त्यानंतर काही महिने काहीच घडत नाही. निदान आपल्याला दिसत नाही. तेवढ्यात ते एखादं नवीन पान काढतं, दोन-चार मुळं वाढवतं. वसंतात कुंडी बदलायची. दुकानातल्या रोपाच्या मुळांच्या मधोमध बऱ्याचदा ओलं शेवाळ किंवा स्पंजासारखा गठ्ठा राहिलेला असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि आतून मुळं कुजवतो. हलक्या हातानं सुटला तर काढून टाका, सडलेली मुळं कापा आणि ऑर्किडसाठीच्या सालीच्या तुकड्यांत लावा. बागेतली माती अजिबात नाही. वाढीच्या दिवसांत ऑर्किडचं खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या ताकदीचं, महिन्यातून दोनदा. हिवाळ्यात जवळपास बंद.

पुन्हा फुलं कशी येतात, त्याचं गुपित हीटरशीच जोडलेलं आहे. काचगृहात रोपांना आधी २७-२८ अंशांत ठेवतात. तेवढ्या उष्णतेत ती नुसती पानं वाढवतात. विक्रीची वेळ जवळ आली की तापमान काही आठवडे १८-२० अंशांवर आणतात. थोडा गारवा लागला की फुलांचा दांडा निघतो. म्हणजे खोली रात्रंदिवस २५-२६ अंशांवर तापवून ठेवली तर पानं छान दिसतील, फुलं येणार नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हीटर पूर्ण जोरात सुरू व्हायच्या आधी, झाड रात्री १६ ते १८ अंश असलेल्या खिडकीजवळ तीन-चार आठवडे राहिलं तर दांडा यायची शक्यता बरीच वाढते. नवीन मूळ आणि नवीन दांडा सुरुवातीला सारखेच दिसतात. मुळाचं टोक गुळगुळीत, गोल असतं. दांड्याचं टोक लहान मुलाच्या हातमोज्यासारखं, एका बाजूला अंगठा असल्यासारखं. दांडा दिसल्यापासून फुलं यायला दोन-तीन महिने लागतात. दांडा वाढत असताना कुंडी सारखी फिरवू नका, तो उजेडाकडे वळत राहतो आणि वेडावाकडा होतो.

चौकट: गरम खोलीतल्या ऑर्किडचं वर्ष

सप्टेंबर-ऑक्टोबर: रात्री थोडा गारवा, दिवसा भरपूर उजेड. हीटर सुरू होताच जागा तपासा.
नोव्हेंबर ते फेब्रुवारी: रेडिएटरपासून दूर, खिडकीच्या जवळ. मुळं बघून पाणी. खत जवळपास बंद. खिडकी उघडताना झाड आत.
मार्च-एप्रिल: फुलं संपली की दांडा कापा, गरज असेल तर कुंडी बदला. दर दोनेक वर्षांनी पुरे.
मे ते ऑगस्ट: कडक उन्हापासून आडोसा, निम्म्या ताकदीचं खत, वाढ होऊ द्या.

सुट्टीत भारतात यायचंय तर?

डिसेंबर-जानेवारीत तीन-चार आठवडे घरी यायचं ठरलं की झाडाचं काय, हा प्रश्न येतो. रेडिएटर पूर्ण बंद करून जाऊ नका, २ वर ठेवा. निघायच्या आदल्या दिवशी झाड नीट भिजवून, निथळवून, रेडिएटरपासून लांब पण उजेडात ठेवा. थंड खोलीत पाणी कमी लागतं, त्यामुळे दोन-सव्वादोन आठवडे ते सहज काढतं. त्यानंतर एकदा शेजारच्या खोलीतल्या मित्राला बुडवून निथळवायला सांगा. आणि ‘रोज पाणी घालू नकोस रे’ हेही सांगा, कारण चांगल्या मनाचे मित्रच झाडं बुडवतात.

डिग्री संपवून परत येताना झाड बॅगेत घालून आणायचा मोह होईल. तो टाळा. ऑर्किड कुळ धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. शिवाय भारतात जिवंत रोप आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. त्याच कारणानं गावाकडची आमरी फांदीवरून सोलून काढून परदेशी न्यायचीही नाही. ती इथल्या झाडावर, इथल्या पावसातच बरी.

त्यापेक्षा सोपा रस्ता आहे. खोली सोडताना गादी, कुकर, सायकल जशी पुढच्या बॅचच्या मुलामुलींना दिली जाते, तसंच ऑर्किडही द्यायचं. फुलं नसलेलं असलं तरी. सोबत एका कागदावर चार ओळी लिहून द्यायच्या: मुळं चंदेरी झाली की पाणी, रेडिएटरवर ठेवायचं नाही, गाभ्यात पाणी नको, फुलं गेली तरी फेकायचं नाही. ऑक्टोबरमध्ये नवीन आलेल्या कुणाला तरी ते मिळेल, आणि त्याच्या पहिल्या हिवाळ्यात कदाचित नवा दांडाही निघेल.